प्लॉटिंगखाली गेलेला ओढा नकाशात कसा सापडतो

जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी ठरलेलीच, अमुक मंडळांत अतिवृष्टी, तमुक नगरात घरांत पाणी, आणि हेडिंगला 'ढगफुटीसदृश'. हवामान खात्याच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे साधारण 20-30 चौरस किमी भागावर तासाला 100 मिमी पाऊस. महसूलची अतिवृष्टी म्हणजे मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमी. आता हे 65 मिमी दिवसभर रिपरिप पडले तर कुणाला पत्ताही लागत नाही आणि तेच तासाभरात पडले तर बायपासच्या कडेच्या कॉलनीत पलंगाला पाणी लागतं. 2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरी सगळ्याच फुगल्या होत्या, तेव्हा पाऊसच भयंकर होता, त्यात वाद नाही. पण दरवर्षी एका सरीत त्याच त्या कॉलनीत पाणी भरत असेल तर ढगाला शिव्या देऊन काय उपयोग, जमिनीकडं बघावं लागेल ना.

संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, शहराच्या कडेला वावर विकलं जातं आणि गुंठ्यांनी प्लॉट पडतात. वावरातून जाणारा ओढा आठ-नऊ महिने कोरडाच असतो, सातबारावर तो फार तर पोटखराबात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत. जेसीबी फिरतो, मुरूम पडतो, ओढा सपाट. निळ्या आणि लाल पूररेषा (25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आखतात त्या मोठ्या नद्यांना, अशा बारक्या ओढ्याला कोण विचारतं.

गंमत अशी की ओढा बुजवला तरी दरी बुजत नाही, आणि ती दरी फुकटात बघता येते. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाचं एंडेव्हर यान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं, एक रडार अँटेना यानात आणि दुसरा 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. जमिनीवर आपटून परत आलेली लहर दोन्ही अँटेनांना किंचित वेगळ्या फेजमध्ये, म्हणजे चढउताराच्या वेगळ्या टप्प्यावर, मिळते, त्या फरकावरून जमिनीची उंची काढतात. असा जगातल्या सुमारे 80 टक्के जमिनीचा उंचीचा नकाशा तयार झाला, प्रत्येक चौकोन 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे 900 चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ 9 गुंठे. इस्रोच्या कार्टोसॅट-1 उपग्रहावरून केलेला असाच नकाशा भुवन पोर्टलवर मिळतो. असे नकाशे उघडायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर चालेल, ऑपरेटरला दोन दिवस शिकवावं लागेल इतकंच.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनाला विचारतो, तुझ्या भोवतीच्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात तीव्र उतार कुणाकडं? जिकडं असेल तिकडं तो आपलं पाणी देतो, सगळं त्या एकालाच. मग दुसरी फेरी, प्रत्येक चौकोनात वरून किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजायचं. टेकडीवरच्या चौकोनात शून्य, जरा खाली पाच-दहा, आणि मग अचानक एक रेघ उमटते जिच्यावर आकडे 100, 200, 400 असे वाढत जातात. ती रेघ म्हणजे ओढा. वर सिमेंटचा रस्ता असो, मंगल कार्यालय असो, रेघ तिथंच. एखाद्या प्लॉटच्या चौकोनात 400 आकडा आला तर 400 गुणिले 900, म्हणजे 36 हेक्टरचं पाणी त्या प्लॉटवरून जाणार आहे, घेणाऱ्यानं दिशा ईस्ट फेसिंग बघितलेली असली तरी. वास्तुवाले ईशान्येला उतार ठेवा म्हणतात, पाणी त्यांचा सल्ला घेत नाही.

मात्र डोळे झाकून विश्वास नको. रडारला छप्पर आणि झाडंही जमीन वाटतात, आणि रस्त्याखालची मोरी वरून दिसत नाही, त्यामुळं रस्त्याचा भराव नकाशात धरणासारखा आडवा येतो आणि ते खोटे खड्डे आधी भरून घ्यावे लागतात. नंतर शिवारात जाऊन जुन्या माणसांना विचारायचंच.

पुढं थोडं गणित आहे, नको असेल त्यांनी खाली उडी मारा. Q = CiA/360. A हेक्टरमधलं क्षेत्र, i तासाला पडणारे मिमी, C म्हणजे पडलेल्यातलं किती वाहून जातं तो हिस्सा, आणि Q सेकंदाला घनमीटर. 36 हेक्टर वावर, तासाला 50 मिमी, C 0.3 धरला तर Q येतो 1.5. तिथं छपरं, फरशी, सिमेंट रस्ते झाले आणि C 0.8 झाला की Q होतो 4. पाऊस तोच, पाणी अडीच पटीहून जास्त. (आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिला पाऊस गिळते, पण एकदा फुगली की भेगा बंद, मग तिचाही C वाढतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची सर जूनपेक्षा बेकार.) त्यात गुळगुळीत जागेवरून पाणी लवकर पोचतं, म्हणून हिशेबाला थोडाच वेळ टिकणारी सर धरतात, आणि अशी सर जास्त जोराची असते, म्हणजे i सुद्धा मोठा धरावा लागतो. आणि मग वावराच्या हिशेबानं टाकलेल्या नळकांडी पुलातून हे पाणी जाणार कसं? गुत्तेदारानं भराव उंच केला आणि पाइप जुनेच ठेवले की रस्ताच बंधारा होतो.

प्लॉटिंग वरच्या ग्रामपंचायतीत, पूल बांधकाम खात्याचा, पाणी शिरतं खाली नगरपालिकेच्या वॉर्डात. तिघांचे नकाशे वेगळे आणि प्रत्येकाचा नकाशा आपल्या हद्दीवर संपतो. घरं, रस्ते आणि पाणी एकाच कागदावर बघण्यासाठी 1966 च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजना आहे, 74 व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समितीला गावं आणि शहरं दोन्हींचे आराखडे एकत्र करायचं काम दिलंय. आपल्याकडं ती समिती म्हटलं की निधी किती मिळाला एवढीच चर्चा.

फारसे पैसे न लागणारी एक गोष्ट मात्र करता येते. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सोडावाच लागतो, आणि तो बहुतेक वेळा विकला न जाणारा तिरपा कोपरा असतो. वरच्या उदाहरणात जादा झालेलं पाणी सेकंदाला 2.5 घनमीटर, तासाभराचं 9000 घनमीटर. 36 हेक्टरचा 10 टक्के म्हणजे 3.6 हेक्टर, तिथं हे पाणी साठवलं तर खोली भरते 25 सेंटीमीटर, गुडघ्याच्याही खाली. अट एकच, ती जागा नकाशातल्या त्या 400 वाल्या रेघेवर पाहिजे, आणि काळ्या मातीत पाणी मुरायची वाट बघायची नाही, बारीक पाइप काढून रात्रभरात हळूहळू सोडून द्यायचं. पाइपच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पहिल्याच पावसात कॅरीबॅग अडकून तुंबतो.