लिफाफ्यातली फिल्म: बॉक्सिंग आणि मेंदूचा स्कॅन

जळगावात एका हॉलमध्ये संध्याकाळी पोरं बॉक्सिंगची प्रॅक्टिस करतात. मध्यंतरी तिथे एका मुलाची आई मोठा लिफाफा घेऊन आली. आत डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, कानशिलाजवळ हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला होता, रात्री दोनदा उलटी झाली, म्हणून सकाळी स्कॅन. मास्तरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. पांढरं काय, करडं काय, कोणालाच कळेना. मग रिपोर्टची शेवटची ओळ वाचली: नॉर्मल. "काही नही व्हयनं, बठ्ठं बरं शे," मास्तर म्हणाले, आणि पोरगं ग्लोव्ह्ज शोधायला लागलं.

आपल्याकडे मुरलेलं शास्त्र कुस्तीचं. आखाजीच्या दंगलीत म्हातारी माणसं आधी पैलवानाचे कान बघतात. मोडलेले असले तर मातीत वर्षं गेलीत हे समजतं. बॉक्सरच्या आतल्या माराची अशी खूण बाहेर दिसत नाही. ती शोधण्यात डॉक्टरांची जवळजवळ शंभर वर्षं गेली.

सुरुवात 1928 ची. अमेरिकेत न्यू जर्सीचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शवचिकित्सा करणारे डॉक्टर, हॅरिसन मार्टलँड यांनी 'पंच ड्रंक' नावाचा लेख लिहिला. म्हणजे ठोसे खाऊन झिंगलेला. हा शब्द त्यांचा नव्हता, रिंगभोवतीच्या लोकांचा होता. अडखळती चाल, जड जीभ, थरथरते हात हे प्रेक्षकांनी डॉक्टरांच्या आधी पाहिलं होतं. मार्टलँडना अशा बॉक्सरांची यादीसुद्धा एका लढती भरवणाऱ्यानेच दिली. 1937 मध्ये या आजाराला 'डिमेन्शिया प्युजिलिस्टिका' असं भारदस्त नाव मिळालं. पण जिवंत माणसाच्या कवटीत डोकावायची सोय नव्हती. 1973 मध्ये इंग्लंडात कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी 15 माजी बॉक्सरांचे मेंदू तपासले, तेही मृत्यूनंतरच. मेंदूतल्या दोन पोकळ्यांमधला पातळ पडदा अनेकांत दुभंगलेला किंवा फाटलेला निघाला.

तोवर सोय झालीही होती. ग्रामोफोन रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ताजं रक्त त्यावर पांढरं उमटतं, त्यामुळे डोक्याच्या माराचं सगळं गणितच बदललं. हूक बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू जरा मागे राहतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. साचलेलं रक्त मेंदू दाबतं. नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढून कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू याच रक्तस्रावाने गेला. त्यानंतर जागतिक अजिंक्यपदाच्या लढती 15 फेऱ्यांवरून 12 वर आल्या.

त्याच सुमारास डॉक्टरांनी बॉक्सरांना रांगेने सीटीखाली घेतलं. 1983 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लढती जितक्या जास्त, तितका मेंदू आकसलेला आढळला. नॉकआऊट एकदाही न होता वर्षानुवर्षं हलके ठोसे खाणाराही यात सापडतो, हे रिंगमधल्या लोकांना पचायला जड गेलं. माझ्या मते अजूनही पचलेलं नाही.

पुढे एमआरआय आला. जुन्या रक्ताचे सूक्ष्म ठिपके, तो दुभंगलेला पडदा, हे त्यात स्वच्छ दिसतं. पण पडदा दुभंगलेला तर एकही ठोसा न खाल्लेल्या काही माणसांतही असतो, त्यामुळे एका फिल्मवरून निकाल देता येत नाही. 2011 पासून लास वेगासला क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉक्टर त्याच त्या लढवय्यांचे एमआरआय ठरावीक काळाने पुन्हा काढतात, ते यासाठीच. मेंदूच्या आतल्या थॅलॅमससारख्या भागांचा आकार घटतो का, हे तुलनेतूनच कळतं. आणि ज्याला आज सीटीई म्हणतात, म्हणजे टाऊ प्रथिनाच्या गुठळ्या साचत जाणारा आजार, त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

आता त्या मुलाच्या रिपोर्टकडे वळू. नॉर्मलचा अर्थ एवढाच की रक्त साचलेलं नाही, हाड मोडलेलं नाही. मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो साध्या सीटीवर बहुधा दिसतच नाही. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, हे विचारून कळतं. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावर मार बसून नॉकआऊट झाला की सक्तीची विश्रांती असते, पण हा नियम लढतीचा. स्पारिंगमधला हूक कोणत्याही वहीत चढत नाही.

आईने मात्र विचारलंच, "याची सुटी किती दिवसांची, मास्तर?" मास्तर थोडे थबकले. मग त्यांनी पोराच्या हातातले ग्लोव्ह्ज काढून घेतले, आणि डॉक्टरांना विचारून या म्हणाले. आपल्याकडे अशा फिल्मा पुढे ग्रहण बघायला कामी येतात; ही मात्र तिने पुन्हा लिफाफ्यात घातली आणि वरती तारीख लिहायला पेन मागितलं.