रूथ ब्राउन: गाणी पहिल्या क्रमांकावर, खातं उणे

अटलांटिक रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीला अमेरिकेत 'रूथने बांधलेलं घर' म्हणतात. कोटी मूळची बेसबॉलची, बेब रूथच्या जिवावर उभ्या राहिलेल्या यांकी स्टेडियमवरची. इथली रूथ म्हणजे गायिका रूथ ब्राउन. कंपनी तिच्या गाण्यांवर मोठी झाली आणि १९६०च्या दशकात तिने लोकांच्या घरी धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली.

जन्म १९२८चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. वडील गोदी कामगार, चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. रूथ १७व्या वर्षी ट्रम्पेटवादक जिमी ब्राउनबरोबर पळून गेली. पुढे लकी मिलिंडरच्या बँडने तिला वॉशिंग्टनमध्ये काढून टाकलं, तेव्हा ब्लँच कॅलोवेने आपल्या क्लबात गायला दिलं. तिथून नाव नुकत्याच स्थापन झालेल्या अटलांटिकपर्यंत पोहोचलं. १९४८मध्ये न्यूयॉर्कला जाताना मोटार अपघात झाला आणि दोन्ही पायांना जबर दुखापत झाली. करारावर सही झाली ती इस्पितळाच्या खाटेवर.

१९४९च्या 'सो लाँग'ने ती ओळखली गेली. त्याच वर्षी बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाने कृष्णवर्णीय गायकांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. तिला स्वतःला संथ गाणी आवडत. पण रूडी टूम्ब्सचं द्रुत लयीतलं 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' १९५०मध्ये आलं आणि ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. वरच्या सुरावर जाताना तिचा आवाज क्षणभर चिरकतो. दुसऱ्या कुणी तो दोष मानला असता. इथे तीच तिची सही ठरली.

मग पैसा गेला कुठे? त्या काळच्या करारांत गायकाला थोडी आगाऊ रक्कम मिळे आणि रॉयल्टीचा टक्का ठरे. पण स्टुडिओ, वादक, संगीत संयोजन हा सगळा खर्च गायकाच्याच नावे पडे, आणि तो वसूल होईपर्यंत रॉयल्टी हाती येत नसे. नवं ध्वनिमुद्रण झालं की नवा खर्च, म्हणजे बाकी पुन्हा उणे. गाणं विकलं जात राही, खातं मात्र फिटत नसे. त्यात तिची गाणी पॅटी पेज, जॉर्जिया गिब्ज यांच्यासारख्या गोऱ्या गायिका पुन्हा गात. त्या तबकड्या गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओवर वाजत. लेखकाला त्याचा वाटा मिळे, मूळ गायिकेला काहीच नाही.

१९६१मध्ये तिने अटलांटिक सोडलं. १९८०च्या दशकात वकील हॉवेल बेगल यांनी जुने हिशेब मागायला सुरुवात केली. हिशेब काढायला लावणं हीच खरी लढाई होती, कारण कंपनीच्या वह्या गायकाला दिसतच नसत. १९८८मध्ये अटलांटिकने गायकांच्या नावावरची जुनी येणी माफ केली, १९७०पासूनची रॉयल्टी नव्याने मोजली आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं करायला पैसे दिले. त्याचा फायदा तिच्या पिढीतल्या इतर गायकांनाही झाला.

१९८९मध्ये 'ब्लॅक अँड ब्लू' या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकासाठी तिला टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, १९९३मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान. २००६मध्ये नेवाडात ती वारली. तिची गाणी अमेरिकेतल्या एएम-एफएम रेडिओवर वाजली, तर पैसे आजही लेखकाला आणि प्रकाशकाला जातात, गायकाला नाहीत.