ब्रशचे काम केसाच्या टोकाशी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी ब्रश नेहमी कडक केसांचाच यायचा. मऊ ब्रशने दात नुसते पुसले जातात, घासले जात नाहीत, अशी आईची ठाम समजूत होती आणि तीच माझ्याही हाडीमाशी मुरली होती. मग दंतवैद्यांनी एकदा मला लाल रंगाची गोळी चघळायला दिली. ही गोळी दातांवर साचलेला प्लाकचा थर रंगवते. स्वच्छ दातावर रंग टिकत नाही. आरशात पाहिले तर समोरचे दात पांढरे होते, पण खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू, शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि जवळजवळ प्रत्येक हिरडीलगतची बारीक रेघ गडद गुलाबी झाली होती. त्याच सकाळी मी दात जोर लावून खसाखसा घासले होते.

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि जिलबी खाऊन आल्यावर चूळ भरली की अन्नाचे बरेचसे कण निघून जातात. प्लाक मात्र चुळीने जात नाही, कारण तो अन्नाचा थर नसून जिवाणूंची वसाहत असते आणि हे जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून दाताला धरून राहतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. थर तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात साचून त्याचे कठीण किटण होते, जे कोणत्याही ब्रशने निघत नाही. १९६५ साली दंतसंशोधक हेराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांचे दात घासणे थांबवले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या.

ताजा थर मऊ असतो. तो काढायला जोर फारसा लागत नाही, केसाचे टोक तिथवर पोहोचावे लागते, आणि ब्रशच्या रचनेचा सारा प्रश्न माझ्या मते इथेच आहे. मऊ ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो, तर कडक ब्रशचा ०.४ मिलिमीटरच्या आसपास. आकडा दुप्पटच दिसतो. पण केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी तेवढीच असेल तर जाड केस सोळा पट ताठ होतो. असा केस दाताच्या फुगीर भागावर अडतो, हिरडीच्या कडेला वाकून आत शिरत नाही आणि उलट हिरडीलाच ओरखडतो. अमेरिकी वैद्य चार्ल्स बास यांनी १९४८ मध्येच ०.००७ इंच, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीचे, टोके गोल केलेले नायलॉनचे केस सुचवले आणि ते हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवून ब्रश अगदी थोडा थरथरवण्याची पद्धत सांगितली. टोकाच्या गोलाईचे महत्त्व मला भिंगाखाली कळले: एका स्वस्त ब्रशच्या कित्येक केसांची टोके तिरक्या कापलेल्या वेतासारखी धारदार होती.

ब्रशवरच्या केसांच्या झुपक्यांच्या मांडणीनेही फरक पडतो. २०१२ च्या एका व्यापक आढाव्यात साध्या ब्रशने एकदा घासल्यावर सरासरी ४२ टक्के प्लाक कमी झालेला आढळला. सपाट कापलेल्या केसांच्या ब्रशने २४ ते ४७ टक्के, तर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या झुपक्यांच्या ब्रशने ३९ ते ६१ टक्के. तिरपा केस दोन दातांमधल्या खाचेत शिरतो, एवढेच त्याचे कारण. डोके लहान असेल तर शेवटच्या दाढेमागेही ब्रश वळतो.

मी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घेतला आणि दोन महिन्यांनी पुन्हा गोळी चघळली. हिरडीलगतची रेघ जवळजवळ गेली होती. गुलाबी रंग उरला होता तो दोन दात एकमेकांना टेकतात त्या फटीत. तिथे कुठल्याच साध्या ब्रशचा केस पोहोचत नाही, म्हणून दंतवैद्यांनी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, काडीएवढा बारीक ब्रश हातात ठेवला.