पावसात गम धरणा नाय

ऐन जुलैत, मालवणात, आमच्या कॅम्परच्या खिडकीवरची पट्टी निखळली. कॅम्पर म्हणजे काय, जुन्या व्हॅनच्या पोटात प्लायची कपाटं नि बाक ठोकून केलेलं चालतं-फिरतं बिऱ्हाड. प्लायची कड झाकायला लावलेली ही पीव्हीसीची पट्टी, दोन मीटर लांब. मी कॉन्टॅक्ट गमचा डबा उघडला, पट्टीला आणि प्लायला दोन्हीकडे फासला, दहा-पंधरा मिनिटं वाळू दिला, दाबून बसवला. कणकवली येईपर्यंत पट्टी पुन्हा लोंबकळत होती.

जिथे मुक्काम होता तिथले सुतारकाका आधीच म्हणाले होते, "पावसात गम धरणा नाय रे." मी ते कानाआड केलं. डब्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं ना!

हा गम म्हणजे द्रावकात विरघळवलेलं क्लोरोप्रीन जातीचं रबर. अमेरिकेत 1930 च्या सुमारास तयार झालेलं हे कृत्रिम रबर आपल्याकडे चपला आणि सनमायका चिकटवायला घरोघरी पोचलं आहे. द्रावक उडून गेला की दोन्ही बाजूंचे रबराचे थर एकमेकांना भिडतात आणि त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात. पकड येते ती या गुंत्यातून.

पण द्रावक उडताना उष्णता घेऊन जातो. इंजेक्शनआधी दंडावर फिरवलेला स्पिरिटचा बोळा गार लागतो, तेच. गमचा थर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. आता पावसाळ्यातली आपली हवा घ्या: तापमान 28 अंश, आर्द्रता 90 टक्के. अशा हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे थर जेमतेम दोन अंशांनी गार झाला तरी त्यावर दव पडणार, गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं. आर्द्रता 50 टक्के असती, तर दवबिंदू 17 च्या घरात गेला असता आणि थराला अकरा अंश खाली उतरावं लागलं असतं. वाळताना माझा गम पांढुरका दिसत होता, तो यामुळे. मी ते वाळल्याचं लक्षण समजलो! रबराला रबर भिडलंच नाही, मध्ये पाण्याचा पापुद्रा राहिला.

उघाडीची वाट पाहणं उत्तम. तेवढी सवड नसेल तर गम लावण्याआधी प्लाय आणि पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावी. मात्र मग ड्रायर बंद करून लांब ठेवायचा, शेगडी विझवायची, दारं सताड उघडायची आणि मगच डबा उघडायचा. या द्रावकाची वाफ पेट घेते.

दुसरा घोळ माझाच होता. आदल्या आठवड्यात मी आतलं सगळं प्लास्टिक चकचकीत पॉलिशने पुसलं होतं. त्यात सिलिकॉन असतं, आणि त्यावर गमची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते: पसरण्याऐवजी तो आक्रसतो. चिकटवायच्या पदार्थाला आधी पृष्ठभाग भिजवता आला पाहिजे. म्हणून स्पिरिटने पुसायचं, फडकं बदलून परत पुसायचं, मग पॉलिशपेपर हलका फिरवायचा. जुन्या गमचे डाग काढायला लोक खोबरेल वापरतात. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो, त्याच जातीचं हे शहाणपण. फक्त ते तेल नंतर काढलं नाही, तर नवा गमही बसत नाही.

स्क्रूचं थोडक्यात. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणून पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. समुद्राकाठी उभ्या गाडीतल्या साध्या लोखंडी स्क्रूवर तोच खारट ओलावा बसून राहतो. स्टेनलेस वापरा. भोक सैल झालं असेल तर त्यात गोंदात बुडवलेली बांबूची काडी ठोकून, वाळल्यावर स्क्रू पिळा.

उरला उन्हाळा. उन्हात बंद गाडी सकाळपेक्षा सहज 30 अंशांनी तापते. तेवढ्यात दोन मीटरची पीव्हीसी पट्टी चारेक मिलिमीटर लांबते. खालचा प्लाय अर्धा मिलिमीटरही नाही. दोन्ही टोकांना घट्ट अडकवलेल्या पट्टीला पोक काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि एकदा टोक उचललं की सगळा ताण त्या सुटत्या रेषेवर एकवटतो. मग खड्ड्यागणिक ती रेषा पुढे सरकते.

गणपतीनंतर कोरडी दुपार पाहून मी पट्टी परत बसवली, सुतारकाकांच्या देखरेखीखाली. दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर फट ठेवली आहे. आत येणारा प्रत्येक जण तिथे बोट लावून विचारतो, पट्टी कमी पडली का?