अश्वसाहाय्यित उपचार

अश्वसाहाय्यित उपचार : घोड्याची चाल, त्याच्या अंगाची ऊब आणि त्याचा सहवास यांचा उपयोग करून दिव्यांग किंवा मानसिक आघात झालेल्या व्यक्तींवर केले जाणारे पूरक उपचार. बोलताना ‘हॉर्स थेरपी’ असेच म्हटले जाते. शालिहोत्र म्हणजे घोड्यांवरचे वैद्यक. इथे उपचार घोड्यावर नव्हे, घोड्याकरवी होतो. जगभर हे काम प्रामुख्याने ना-नफा संस्था करतात. प्रस्तुत नोंदीत नागपूरसारख्या शहरात अशी संस्था चालवायची तर काय काय लागते, त्याचाही विचार केला आहे.

या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि माहितीपत्रकांत त्यांची सरमिसळ होते. ‘हिपोथेरपी’त फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ घोड्याच्या चालीचा साधन म्हणून वापर करतो, मुलाला घोडेस्वारी शिकवणे हा हेतूच नसतो. ‘उपचारात्मक घोडेस्वारी’त मात्र प्रशिक्षक खरोखरच स्वारी शिकवतो. तिसऱ्या प्रकारात बहुधा कोणी घोड्यावर बसतही नाही. खरारा करणे, चारा घालणे, लगाम धरून चालवणे अशी कामे करता करता समुपदेशन चालते. पालकांनी चौकशी करताना पहिला प्रश्न यांपैकी नेमके काय चालते, हाच विचारावा.

हिपोथेरपीची सारी मदार घोड्याच्या साध्या कदम चालीवर आहे. दुडकी किंवा दौड यांचा इथे उपयोग नाही. चालताना घोड्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि किंचित वळतेही. माणूस चालतो तेव्हा त्याचे कंबरेचे हाड जवळजवळ असेच हलते. मिनिटाला साधारण १०० पावले धरली, तर अर्ध्या तासात सुमारे ३,००० वेळा ही हालचाल बसणाऱ्याच्या कंबरेपर्यंत पोचते. जे मूल कधी चालले नाही, त्याच्या शरीराला चालण्याची लय अशी बसल्याजागी मिळते. घोड्याच्या अंगाचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्त असते. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकारात, अनेकदा मांड्यांचे स्नायू आखडून पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. त्या पायांना रुंद, उबदार पाठीवर फाकून बसवले की ताठरपणा काही काळ उतरतो. ऊब पोचावी म्हणून खोगीर सहसा घालत नाहीत. जाड गादी आणि तिच्यावरून आवळलेला मुठींचा पट्टा एवढेच असते.

एका फेरीला माणसे बरीच लागतात. एक जण लगाम धरून पुढे, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून, आणि थेरपिस्ट. मुलाला उतारावरून ओट्यापर्यंत आणून अलगद पाठीवर सरकवतात. पहिल्या दिवशी मूल बहुधा आयाळ घट्ट धरून पालथे पडलेले असते. मग घोडा दहा पावले चालवून थांबवतात. थांबताना बसलेल्याचा तोल पुढे जातो आणि सावरण्यासाठी पाठीचे स्नायू आपोआप ताठ होतात. खरा व्यायाम तो. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे, कधी मुलाला शेपटीकडे तोंड करून बसवणे. ‘चल’ म्हटल्याशिवाय घोडा निघणार नाही असे ठरवले, की न बोलणाऱ्या मुलाला तो शब्द उच्चारण्याचे सबळ कारण मिळते. घोड्यावर असा तोल सावरून स्थिर बसता येण्याला जुन्या स्वारांच्या भाषेत ‘मांड बसणे’ म्हणतात, आणि थेरपिस्टलाही तेच हवे असते.

या उपचाराच्या इतिहासात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे नाव अटळ आहे. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागत असूनही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकारात रौप्यपदक मिळवले, १९५६ मध्ये पुन्हा मिळवले. त्यानंतर युरोपात अशी केंद्रे निघू लागली. १९६९ मध्ये ब्रिटन आणि उत्तर अमेरिका, दोन्हीकडे या कामाच्या मध्यवर्ती संस्था स्थापन झाल्या.

पुराव्यांबाबत सावध राहिलेले बरे. सेरेब्रल पाल्सीत धडाचा तोल आणि बसण्याची ढब सुधारल्याचे अनेक अभ्यासांत दिसते, पण बहुतेक अभ्यास लहान आहेत. स्वमग्नतेबाबत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ६ ते १६ वयाची १२७ मुले होती. दहा आठवड्यांनंतर स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता, घोड्याशी संपर्क न आलेल्या गटापेक्षा कमी आढळली. घोड्यामुळे स्वमग्नता ‘बरी’ होते, असे कोणी सांगितले तर तिथून उठावे. शिवाय काही मुलांना बसवायचेच नसते. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून आधी तपासणी हवी. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुबा, बसण्याच्या जागेवरची जखम यांतही मनाई असते.

नागपूरला घोडा नवा नाही. १७४० च्या दशकात भोसल्यांचे घोडदळ बंगालवर गेले आणि तिथल्या भाषेत ‘बर्गी’ होऊन राहिले. हा शब्द ‘बारगीर’वरून आला. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्या हिशेबाने संस्थेच्या पागेतले प्रत्येक मूल बारगीरच. आज शहरातला घोडा मुख्यतः वरातीत दिसतो. ताशा-बँडला सरावलेली घोडी या कामी चालेल असे वाटते. पण नाचवायला शिकवलेली आणि कडक लगामाने दबलेली घोडी बिचकली नाही तरी एका लयीत चालत नाही. हवा तो शांत, मध्यम उंचीचा, समान पावले टाकणारा प्रौढ घोडा. उंची फार असली तर बाजूने चालणाऱ्यांचा हात मुलापर्यंत पोचत नाही.

खरी अडचण उन्हाची. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. नागपूरकर माणूस दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून निभावतो. घोड्याला सावली, मीठ आणि भरपूर पाणी लागते, एरवीही दिवसाला २५ ते ४० लिटर. म्हणून उन्हाळ्यात फेऱ्या सकाळी आठच्या आत उरकाव्या लागतात आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंदच ठेवलेल्या बऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खुरांना चिकटून ते सडतात. तेव्हा मुरूम दाबून वर रेतीचा थर टाकल्याशिवाय रिंगण वापरता येत नाही. अंथरायला धानाचे तणस भंडाऱ्याकडून सहज मिळते. पशुवैद्यकीय मदतीच्या दृष्टीने शहर भाग्यवान आहे. १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे.

संस्था म्हणून नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली होते. थेरपिस्टची पात्रता मात्र त्या नोंदणीने सिद्ध होत नाही. ती वेगळी तपासावी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता दोन्ही येतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशा व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, पण घोड्यावरची फेरी त्यात बसेल असे गृहीत धरू नये. पैशाचे गणित बिकटच असते. जागा स्वस्त हवी म्हणून पागा शहराबाहेर जाते आणि मग व्हीलचेअरवरच्या मुलाला तिथवर नेण्याचा खर्च पालकांवर पडतो. मुले सुटीत येत नाहीत, घोड्याची चंदी मात्र रोज लागते. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा), नालबंद, धनुर्वाताच्या लशी हे खर्चही थांबत नाहीत. घोडा २५-३० वर्षे जगतो, या कामातून त्याला विशीच्या आसपास मोकळे करावे लागते; पुढच्या वर्षांचा चारा संस्थेच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.