प्रवाळातल्या माशांवर पोस्ट-डॉक करायचंय? परवानगी, एनपीडीएफचा अर्ज आणि पुढची प्राध्यापकी

मालवणच्या समुद्रात पाण्याखालचं नीट दिसायला लागतं ते पावसाळा सरून पाणी निवळल्यावर. त्यामुळे पोस्ट-डॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये हाताशी येतात दोनच हंगाम. त्यातला एक परवानगीची वाट बघण्यात गेला, तर माशांच्या संख्येत वर्षागणिक काय फरक पडला हे सांगायला दुसरं वर्षच उरत नाही. म्हणून फेलोशिपच्या अर्जाआधी परवानगीचं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा, म्हणजे सर्वांत जपलेला मधला भाग, ३.१८२. तिथे संशोधनासाठी उतरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीने पाठवावा. सोबत प्रकल्पाचा आराखडा, सर्वेक्षणाच्या जागांचे अक्षांश-रेखांश दाखवणारा नकाशा, तारखा, चमूतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि होडीचा तपशील जोडावा.

इथे एक गोष्ट फार नीट ठरवायला हवी: मासे फक्त मोजणार की पकडणार? दोरी अंथरून तिच्या कडेने पोहत गोबरा, तांबोशी, पोपटमासा यांची नोंद करायची असेल, तर मामला सोपा. पण कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं. अभयारण्यात जनुकीय तपासणीसाठी माशाच्या पराचा तुकडा काढायचा म्हटलं तरी नुसत्या प्रवेशाची परवानगी पुरत नाही, नमुन्यांसाठी वेगळी घ्यावी लागते. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे तर कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. पहिल्या हंगामात फक्त मोजणी ठेवावी आणि नमुन्यांचा अर्ज त्याच वेळी वेगळा टाकावा, असं माझं मत आहे. लक्षद्वीपला जायचं असेल तर भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना काढावा लागतो. तो वनखात्याच्या परवानगीव्यतिरिक्त.

परदेशी राहणाऱ्या मराठी संशोधकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आयकर कायद्यानुसार तुम्ही अनिवासी असाल, तर भारतीय पासपोर्ट असूनही इथली जैविक सामग्री संशोधनासाठी घेण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

आता फेलोशिप. पूर्वी एसईआरबी (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) देत असे ती राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, म्हणजेच एनपीडीएफ, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं. मुदत दोन वर्षं. अर्जदार भारतीय नागरिक आणि पीएचडीधारक हवा. प्रबंध सादर करून पदवीची वाट बघणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. मात्र पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी मिळते. वयोमर्यादा ३५, आणि वय मोजतात ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांना ५ वर्षांची सवलत आहे. ही फेलोशिप आयुष्यात एकदाच मिळते, त्यामुळे अर्धवट प्रस्तावावर ती खर्च करू नये. रक्कम त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीतच बघावी.

मार्गदर्शक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असायला हवा. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी दोनच एनपीडीएफ फेलो असू शकतात. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये जागा आहे का ते विचारावं. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

कागदपत्रं तशी मोजकी: जन्मतारखेचा पुरावा, पीएचडीचं प्रमाणपत्र किंवा प्रबंध सादर केल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, बायोडेटा, प्रस्ताव, वाङ्मयचौर्य नसल्याचं हमीपत्र, आणि मार्गदर्शक व संस्था यांचं संमतिपत्र. अडतं ते बहुधा या शेवटच्या पत्रावर. त्यावर संस्थाप्रमुखांची सही-शिक्का हवा असतो आणि साहेब नेमके दौऱ्यावर असतात. नमुना डाउनलोड करून ते पत्र सगळ्यात आधी हलवावं. ओबीसी उमेदवारांनी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला काढावा. राज्याचा नमुना वेगळा आहे.

राहिली प्राध्यापकी. सागरी परिसंस्था शिकवायची ओढ असेल तर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) या पात्रता परीक्षांकडे ‘पीएचडी झाली, आता कशाला’ म्हणून पाठ फिरवू नये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट/सेट किंवा नियमांनुसार झालेली पीएचडी असं आहे. पण विद्यापीठात मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे गुणांवर ठरतं: पीएचडीला ३०, नेटला ५, जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) नेटला ७, सेटला ३. अध्यापन किंवा पोस्ट-डॉकच्या प्रत्येक वर्षाला २, कमाल १०. म्हणजे समुद्रात घालवलेली दोन वर्षं इथे ४ गुण देतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

हे गुण मिळायचे तर अनुभव प्रमाणपत्रात रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, पदाचं नाव आणि फेलोशिपचा मंजुरी क्रमांक हवा. फेलोशिप संपते त्याच आठवड्यात ते मागून घ्यावं. पावसाळ्यात मार्गदर्शकाच्या विभागात तास घेतले असतील, तर त्यांचा दाखला विभागप्रमुखांकडून वेगळा घ्यावा, त्यात विषय आणि वर्ग लिहून.