ओव्हरक्लॉकिंगला पाणीच लागतं?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचा, तर पाण्यानं थंड करणारा लिक्विड कूलरच हवा, पंख्याचा एअर कूलर पुरत नाही, हा समज जुना आणि अर्धवट आहे. पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. शेवटी ती रेडिएटरच्या (पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्यांनी खोलीतल्या हवेतच सोडावी लागते. खोलीत ३५ अंश असतील, तर दोन्हींपैकी कुठलाच कूलर प्रोसेसरला त्याखाली नेत नाही. पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीत लिक्विड कूलर भाव खाऊन जातो. (गंमत म्हणजे एअर कूलरच्या हीट पाइपमध्येही, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीतही, थेंबभर पाणी असतंच.) २०१४ साली आलेला नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा एअर कूलर, १४० मिमीचे दोन पंखे घेऊन, २४० मिमी रेडिएटरच्या अनेक लिक्विड कूलरांना तोडीस तोड ठरतो. प्रोसेसर २५० वॉटवर ठेवून तासन्‌तास रेंडरिंग (थ्रीडी दृश्यं किंवा व्हिडिओ तयार करणं) करणार असाल, तर मात्र ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्या. पाणी फिरवणारा पंप बंद पडला की तोही शोभेचाच.